मार्गारेटबाईंचा डायनामो

यंत्राला भूल देऊन ऑपरेशन करणारा डॉक्टर इंग्लंडात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. लेस्टरच्या हॉस्पिटलात मामांनी आयुष्यभर माणसांना भूल दिली. रिटायर झाल्यावर त्यांनी गॅरेज गाठलं. तिथे जुन्या मोटारींचे डायनामो येतात. डायनामो म्हणजे इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भरणारं डबडं. मामांसमोर मात्र त्याला डबडं म्हणायची सोय नाही. ते आधी मालकाची कन्सेंट फॉर्मवर सही घेतात, ग्लोव्ह्ज चढवतात आणि वायर सोडवताना हळू आवाजात दहापर्यंत आकडे मोजतात. मग दर पाच मिनिटांनी चार्टवर तापमान. पेशंट टेबलावर असेपर्यंत ते जागचे हलत नाहीत, त्यामुळे जेवणाचं ताट गॅरेजात जातं. मामी एकदा मला म्हणाल्या, "घरातला टोस्टर तीन महिने बंद आहे. विचारलं, तर म्हणतात रेफरल लेटर आण."

मागच्या गल्लीतल्या मार्गारेटबाई निवृत्त शिक्षिका. वडिलांची शंभर वर्षांची मोटार त्या अजून स्वतः चालवतात. तिचा डायनामो दिवसा बॅटरी इतकी भरायचा की आतलं पाणी उकळायचं, आणि दिवे लावले की कमी पडायचा. बाईंच्या मेकॅनिक भाच्याने निकाल देऊन टाकला होता: हा काढायचा, त्याच्या जागी आजच्या गाड्यांतला नवा अल्टरनेटर बसवायचा. वडिलांनी वापरलेली एकही वस्तू त्या गाडीतून निघावी, हे बाईंना सहन होत नव्हतं. मामांनी एक संधी मागितली. भाच्याने अट घातली. स्केगनेसच्या समुद्रापर्यंत जाताना पाणी उकळता कामा नये, परतताना दिवे मंदावता कामा नयेत.

डायनामोतून किती वीज निघणार, हे आतला एक छोटा कार्बनचा ब्रश ठरवतो. मामा सहा आठवडे तो ब्रश घासत होते, केसभर सरकवत होते, फिरवून बघत होते, पुन्हा घासत होते. मी म्हणालो, "मामा, आता अंदाजाने ठेवून द्या ना."

"जावईबापू, तुम्हाला अंदाजाने भूल दिली तर चालेल?"

स्केगनेसला जाताना मी मागच्या सीटवर होतो, भाचा त्याच्या व्हॅनने मागे. पोचल्यावर त्याने बॅटरी उघडली. पाणी शांत होतं. आम्ही फिश अँड चिप्स खाल्ले. मामा समुद्राकडे पाठ करून गाडीत चार्ट भरत बसले. परतताना धुकं उतरलं. दिवे लागले. बॅटरी भरतेय की रिकामी होतेय हे दाखवणाऱ्या अॅमीटरचा काटा शून्याच्या किंचित वर थांबला, तो लेस्टर येईपर्यंत तिथेच. मार्गारेटबाई सबंध रस्ताभर गुणगुणत होत्या.

मामांच्या दारात भाचा व्हॅनमधून उतरला. "डॉक्टर, ब्रश कुठे सेट केलात, दाखवाल? माझ्याकडे असे चार डायनामो पडलेत."

मामांनी गंभीर चेहऱ्याने खिशातून चार कोरे फॉर्म काढले.

मार्गारेटबाईंनी हॉर्न वाजवला आणि त्या निघाल्या. मामा फुटपाथवर उभे राहिले. मामी दारातून म्हणाल्या, "अहो, आत या. जिंकलात ना? आता काय बघताय?"

गाडीचा मागचा लाल दिवा वळणापर्यंत तसाच होता, मग दिसेनासा झाला.

"पेशंट घरी जाताना मी कधी पाहिलाच नव्हता गं," मामा म्हणाले. "ते वॉर्डातून जायचे. मी तेव्हा पुढच्या केसला असायचो."