करवतवाल्याचा जावई

करवतींना धार लावणारा तो म्हातारा काम करताना अवाक्षर काढत नसे. दाताला नीट धार चढली की नाही, हे त्याच्या डोळ्यांआधी कानांना कळायचं. कानशीचा आवाज बदलला, की तो पुढच्या दाताकडे वळायचा. त्यामुळे दुकानात आलेले बडबडे सुतारही बाकावर मुकाट बसून राहत. समोर बसलेली बायको बोथट करवती पुसून त्याच्या हाती द्यायची. चाळीस वर्षं दोघांची दुपार अशीच जात होती.

अशा दुकानात एक दिवस जावई उगवला. भरपूर पैसे मोजून तो पाच दिवसांचं मौन शिबिर करून आला होता, आणि आल्यापासून त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"मामा, खरी शांतता काय असते, ते तुम्हाला इथे बसून नाही कळायचं! आयुष्यात एकदा तरी तेवढा खर्च करायलाच हवा."

गप्प बसायला पैसे! उद्या हे लोक श्वास घेतला तरी पावती फाडतील, असं म्हाताऱ्याच्या मनात आलं.

"बसा, जावईबापू," तो म्हणाला. "ही एक करवत होईपर्यंत गप्प बसा. फुकट आहे."

जावई मांडी घालून, डोळे मिटून बसला. एक दात झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला त्याने एक डोळा उघडला.

"मामा, अजून किती दात राहिलेत?"

सासूने मान वर केली नाही.

"त्यांना आपलं शिबिरालाच जाऊ द्या हो," ती नवऱ्याला म्हणाली. "पैसे भरल्याशिवाय त्यांचं तोंड बंद होत नाही."