रोड टच नको

दादा बोट वर करून ‘जरा गप ऱ्हा’ म्हणायचे आणि मोबाइल कानाला लावून ऐकत बसायचे. पलीकडचा माणूस बोलू लागला तर त्यालाही गप्प करायचे.

राहनाळला ज्या गोदामात मी मालाची आवक-जावक बघतो, ते त्यांच्या शेतावर उभं आहे. जागेचे मालक, पण आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणायचो. घर गोदामाच्या मागेच. ट्रकच्या हॉर्नने वहिनींची झोप गेली ती परत आली नाही. दादांच्या ते मनाला लागायचं. ‘जमीन मीच दिली ना,’ म्हणायचे.

एका हिवाळ्यात भावकीने स्की करायला हिमाचलला जायचं ठरवलं. आमच्याकडे जागा म्हटली की पहिला प्रश्न, तुम्हाला ठाऊकच आहे: रोड टच हाय का? सवयीने त्यांनी हॉटेलही तसंच धरलं. हायवेला चिकटून, दारात कारंजं. बर्फात कारंजं कशाला, हे मी विचारलं नाही.

दादांनी मात्र माझ्या टेबलाशी बसून, जिथे रस्ता संपतो अशा गावांत फोन लावले. ‘भाईसाब, कमरा बाद में. पहले फोन खिडकी के बाहर पकडो.’

एका गावात हॉर्न वाजला. फोन बंद. दुसऱ्यात डीजे. तिसऱ्या गावाला ते इतका वेळ ऐकत राहिले, की मला वाटलं लाइन तुटली.

‘काय ऐकू येतंय?’

‘काय न्हाय,’ ते खुशीत म्हणाले. ‘हेच घ्यायचं.’

भावकीसोबत जाणारा दादांचा मेहुणा हसला. ‘दाजी, गावातच ऱ्हायचं तर इथं काय वाईट हाय?’

‘इथं गाव हाय कुठं रं?’

त्या गावातून स्कीच्या उतारापर्यंत अर्धा तास चालावं लागे. स्कीवर दादा पहिल्याच मिनिटाला आडवे झाले. ‘पडलो न्हाय, जागा मोजली!’ पण पहिल्या रात्री निजलेल्या वहिनी सकाळी नऊला उठल्या. हे दादांनी मला फोनवर कुजबुजत सांगितलं, पदक मिळाल्यासारखं. वहिनी कूस बदलून पुन्हा झोपल्या होत्या म्हणे.

तिसऱ्या दिवशी मेहुणा बॅगा घेऊन हजर. थंडीत बंद पडू नयेत म्हणून हॉटेलखालच्या बसगाड्यांची इंजिनं रात्रभर चालू ठेवत. दादांनी त्याला आतली खोली दिली.

गेल्या पावसाळ्यात दादा गेले. या जानेवारीत वहिनी मुलीला घेऊन त्याच गावी गेल्या. एका सकाळी त्यांचा फोन आला. गोदामाच्या दारात ट्रकची रांग, मी ओरडून ‘बोला!’ म्हणालो.

‘भाऊजी, जरा गप ऱ्हा.’

माझं बोट आपोआप वर गेलं. समोरच्या ड्रायव्हरने, का कोण जाणे, इंजिन बंद केलं. पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं.

मग वहिनींचा अभिमानाने ताठ झालेला आवाज आला. ‘ऐकलंत? यांनी निवडलंय.’