भिजवलेले चणे आणि माझा जळफळाट

मंडळी, आज सकाळी भाट्ये किनाऱ्यावर मी चक्क तेरा वर्षांच्या भाचीवर जळले. अजून धुसफूस थांबलेली नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या भावाची मुलगी ईशा तिथे रोज वाळूत धावते. आज लालबुंद होऊन, धापा टाकत परत आली, तर माझी आई भिजवलेल्या चण्यांचा डबा उघडून तयारच. "खा गो बाय! पोरींनी दमेपर्यंत धावलं पाहिजे, हाडं बळकट होतात."

हीच ती आई! ऐंशीच्या दशकात मी शाळेच्या खो-खो संघात होते. तेरावं लागलं आणि हिने फर्मान काढलं, "पुरे झालं हुंदडणं. मोठी झालीस आता." भाऊ मात्र तालमीत जायचा. त्याचे चणे रात्री भिजत घालायचं काम माझं. त्यातला एक तोंडात टाकला तरी ओरडा, "तो व्यायाम करतो, तू काय करतेस?"

मला धाप लागायची मुभा वर्षातून एकदाच, गौरीच्या फुगड्यांना. तेव्हा मी एकेकीला दमवून खाली बसवायचे.

ते सगळं आज उसळून आलं. मी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि म्हटलं, "आई, मी पण धावते ईशाबरोबर."

आईने डब्याचं झाकण लावलं. "तू बस गो. तुझं वय आहे का आता?"

तेव्हा मी मोठी झाले होते, आता म्हातारी झाले. मधे माझं धावायचं वय कधी येऊन गेलं, तुमच्यापैकी कुणी पाहिलंत का?