कोठीखालची विहीर

शेठजींच्या गादीसमोर मी चपलांजवळ उभी होते. बस असं कोणी म्हटलं नाही. माझ्यामागून आलेल्या माणसाला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सांगितलं, तुम्ही विकलेल्या घरात विहीर निघाली. शेठजी हसले. त्यांचा मुनीमही हसला.

"अम्मा, मकान जैसा था वैसा बेचा. देख के लेना था. आँखें नहीं थीं क्या?"

डोळे होते. डोळ्यांसमोर त्यांनी कोठी ठेवली होती.

यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून मी म्हातारी झाले. मुलगा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, सदा बाहेर. घरात मी, सून आणि लहान नात. ते घर म्हणजे आमचं होतं नव्हतं ते सगळं. किल्ली देताना शेठजींनी मधल्या खोलीतली धान्याची लोखंडी कोठी दाखवली.

"ये घर की लक्ष्मी है. हिलाना मत, बरकत चली जाएगी."

मी हात जोडले. दर शुक्रवारी त्या कोठीला हळदकुंकू लावलं. नात तिला टेकून झोपायची.

पावसाळ्यात कोठी एका बाजूला कलली. सून म्हणाली, "आत्या, सरकवून बघू." मी तिच्यावरच ओरडले, लक्ष्मीला हात लावू नको म्हणून. कोठी आणखी कलली. मग दोघींनी ढकलली. खाली फुटलेली फरशी. फरशीखाली कुजलेल्या फळ्या. फटीतून गार हवा अंगावर आली. सुनेने विटेचा तुकडा आत टाकला. आवाज लवकर येईना. मग खोल कुठेतरी पाणी वाजलं.

नातीची गोधडी तिथेच पडली होती. काठावर.

शेजारची म्हातारी म्हणाली, "शेठनेच फळ्या टाकून विहीर झाकली ना. साऱ्या गल्लीला ठाऊक. आम्हाला वाटलं, तुला सांगितलं असेल."

तेव्हापासून मी घरात भिंतीला धरून चालते. भांडं पडलं तरी आधी जमिनीकडे बघते.

हे सगळं मी गादीसमोर सांगितलं. शेठजींनी आवाज खाली आणला.

"ऐसा करो. नई फर्श डालो, कोठी वापस रखो. बहादरपुर का एक ग्राहक है, उसे बेच दो. बाल-बच्चेवाला, सीधा आदमी. ज़्यादा पूछेगा नहीं."

माझ्याबद्दलही ते असंच बोलले असतील. म्हातारी, चौथी शिकलेली, हात जोडणारी. ज्यादा विचारणार नाही.

मी पुढे गेले आणि गादीवर बसले. पांढऱ्या चादरीवर, पाय न पुसता.

"शेठजी, त्याला विहीर तुम्ही दाखवता की मी दाखवू?"

हसू थांबलं. "निकल यहाँ से, बुढ़िया."

निघाले ती सरळ कचेरीत, वकिलाकडे. तो म्हणाला, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला वरून न दिसणारा दोष आधी सांगावाच लागतो. ती मेहरबानी नाही, घेणाऱ्याचा हक्क आहे. हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. दावा लावला.

आता शेठजींची माणसं दारासमोर गाडी उभी करतात. बोलत काही नाहीत, नुसती आत बघतात. सुनेला आणि नातीला मी दापोऱ्याला पाठवलं, तिच्या माहेरी. घरात मी एकटी. जमीन कधी खचेल, दार कोण वाजवेल, दोन्हींची भीती वाटते. खोटं कशाला बोलू?

पण कोठी मी गल्लीत काढून ठेवली आहे. तिच्यावरचं हळदकुंकू घासून काढलं. विहिरीवर जाळी टाकली, फरशी टाकली नाही. कोर्टाचा माणूस येवो की घराला गिऱ्हाईक येवो, त्याला आधी इथे उभं करीन आणि खाली बघायला लावीन. भिते मी. झाकणार नाही.