मधली मोकळी जागा

प्रदर्शनात माझ्या तलावाच्या फोटोसमोर एक बाई थबकल्या. "मधोमध केवढी शांतता आहे! तुमच्यावर प्रभाव कुणाचा?"

"वडिलांचा. ते फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचे."

त्या हसल्या. अशा ठिकाणी बाप चालत नाही, परदेशी चित्रकार लागतो.

अण्णा डोंगर, तळं, हंस सगळं कडेकडेनं काढायचे. "मध्ये काही काढू नको रे," मला बजावायचे, "तिथं माणसं उभी राहणार आहेत." गावातली सगळी नवी जोडपी त्या तळ्याकाठी उभी राहिली. मग मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला. शेवटच्या पडद्यानं अण्णांनी स्वतःच सरपण झाकलं.

मी अजून मधली जागा मोकळी सोडतो. तिथं आता कुणी येत नाही. त्यालाच हे लोक शांतता म्हणतात.