घरची जीभ

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — नवऱ्यालासुद्धा. तुम्हाला का सांगतेय? काय माहीत. आत दाबून दाबून थकले, एवढंच.

आमची नाशिककडे द्राक्षबाग. आजोबांनी लावली, अण्णाकाकांनी तिच्यातून वाईन काढली. आणि गंमत बघा — काका माळकरी! गळ्यात तुळशीची माळ, थेंब ओठाला लावायचा नाही. मग चव बघणार कोण? कॉलेजात असताना मी एकदा घोट घेऊन म्हणाले, "करवंदासारखी लागते," आणि नेमकं तेच एक मोठं गिऱ्हाईक बोललं. झालं! तेव्हापासून मी घरची जीभ. चार चुलतभाऊ असताना, लग्नानंतरही नवी बाटली यायची ती माझ्याकडे, नवी मुंबईत सीवूड्सला. सोसायटीत कुणी बघू नये म्हणून पिशवीत वर मेथीची जुडी. मग काका समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. फार जीव आहे हो माझा त्यांच्यावर.

कोरोनात माझा वास गेला, चवही गेली. चहा काय, पाणी काय, सारखंच. सांगायला हवं होतं ना? नाही सांगितलं. माहेरात माझा तेवढाच मान — तो सोडवेना.

त्याच वर्षी काका दोन बाटल्या घेऊन आले. एक आजोबांच्या बागेची, एक नव्या बागेची.

"जुन्या बागेला माल कमी येतो," म्हणाले. "पोरं म्हणतात, तोडा. पण चव तिचीच चांगली असेल तर मी कुणाला हात लावू देणार नाही. मने, तू सांगशील तसं."

मी दोन्हींचे घोट घेतले. काही म्हणजे काहीच कळलं नाही. डोळे मिटले — नाटक नुसतं! — आणि नव्या बागेच्या बाटलीवर बोट ठेवलं.

काकांनी बाग तोडली. आजोबांची बाग. स्वतः बांधावर उभं राहून.

पुढे वास हळूहळू परत आला. मागच्या महिन्यात कपाटात जुन्या बागेची एक न उघडलेली बाटली सापडली, त्याच वर्षीची. उघडली. करवंदं! नुसती करवंदं. ओट्याशी उभी राहून रडले.

नव्या वाईनला काकांनी माझंच नाव दिलंय — लेबलवर 'मनी'. परवा आले, मेथीखालून बाटली काढली, समोर बसले. मी घोट घेतला. फिकी होती.

"छान झालीय, काका," म्हटलं मी.

"आमची मनी चुकत नाही," म्हणाले, आणि मेथी निवडायला घेतली.