निजाम गेला, पाढे राहिले

निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी मुरुमच्या शाळेत नवा मास्तर होतो. आदल्या वर्षापर्यंत तिथं सगळं उर्दूत चालायचं. पोरं घरी मराठी, कानडी नाहीतर दखनी बोलायची आणि शाळेत आली की उर्दू घोकायची. मीही त्याच घाण्यातून निघालेला. आता हुकूम आला, शाळा मराठी. हुकूम काढणाऱ्याचं काय जातं? एका सुट्टीत राज्य बदलता येतं, चौथीतल्या पोरांची जीभ बदलत नाही.

त्या चौथीत एका मुसलमान शिंप्याची मुलगी होती. तिसरीपर्यंत वर्गात पहिली. राज्य बदलतानाच्या धामधुमीत तिचा बाप कापड आणायला उमरग्याला गेला, तो परतलाच नाही. गावात त्याविषयी कुणी बोलत नसे. लेकीला मास्तरीण करायचं, हे त्याचं एकच वेड होतं आणि ते सगळ्या पेठेला माहीत होतं.

मराठीचं पुस्तक हातात दिलं तर तिनं ते शेवटच्या पानाकडून उघडलं. उर्दूची पुस्तकं तशीच उघडतात. पण वर्ग फिदीफिदी हसला. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी सकाळीच तसं केलं होतं आणि चटकन पुस्तक फिरवून घेतलं होतं. त्या दिवसापासून पोर मुकी झाली. विचारलं तर खाली बघायची.

दिवाळीनंतर तिची आई शाळेच्या दाराशी आली. बुरख्याआडून म्हणाली, "मास्तरसाब, हिला घरी बसवती आता. मशीन चालवंल, पोट भरंल. हितं लेकरू नुसतं झुरायलंय."

मी म्हणालो, "भाबी, वार्षिक परीक्षेपतुर थांबा. पास न्हाय झाली तर म्या आडवा येणार न्हाय."

शब्द देऊन बसलो, आता तो पाळणं आलं. शाळा सुटल्यावर तिला ओसरीवर बसवायचो. धडा आधी उर्दूत सांगायचा, मग मराठीत. तेल्याची कानडी बोलणारी मुलगीही येऊन बसू लागली, मग आणखी दोघंतिघं. ज्याला जे कळेल त्या भाषेत सांगायचं, हीच माझी पद्धत. कुठल्या ट्रेनिंगात शिकलो नव्हतो.

हेडमास्तरांच्या कानावर गेलंच. मला बोलावून ते म्हणाले, "आमाला उर्दू येत न्हवती तवा छड्या बसल्या. हाताची सालं निघाली. तवा आमच्यासाठी ओसरीवर कोण बसलं हुतं?"

त्यांचं दुखणं खरंच होतं, मीही त्याच छड्या खाल्लेल्या. पण दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, हा कुठला न्याय? तसं बोलण्याची माझी छाती झाली नाही. ओसरीवर बसणं मात्र सोडलं नाही.

परीक्षेत लेखी पेपरात पोरीनं बरं लिहिलं. तोंडी परीक्षा हेडमास्तर स्वतः घेत. सगळ्या वर्गासमोर त्यांनी तिला विचारलं, "सात नव्वे?"

तिचे ओठ हलले. सातचा पाढा ती मनात पहिल्यापासून म्हणत होती, आणि कुठल्या भाषेत तेही मला दिसत होतं. "तिरसठ," ती पुटपुटली.

"मराठीत."

त्रेसष्ट हा शब्द तिला ओसरीवर रोज यायचा, आज येईना. हेडमास्तरांनी मान हलवली आणि तिच्या गुणांची बेरीज करायला घेतली. वर्ग इतका शांत होता की त्यांचं पुटपुटणं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू आलं.

"बारह और सात, उन्नीस. उन्नीस और नौ, अट्ठाईस..."

कुणी हसलं नाही. त्यांची लेखणी थांबली. इतक्या वर्षांत छड्यांनी आत घातलेली उर्दू त्यांनाही काही बाहेर काढता आली नव्हती. बराच वेळ ते आपल्या तळहाताकडं बघत राहिले. मग तिच्याकडं न बघताच म्हणाले, "बरोबर हाय. बस खाली पोरी."

निकाल सांगायला मी स्वतः शिंप्याच्या घरी गेलो. "भाबी, पोरगी पास झाली. पाचवीत गेली."

तिनं शिलाईची मशीन थांबवली. धामधूम झाल्यापासून त्या बाईला रडताना कुणी पाहिलं नव्हतं, असं शेजारीपाजारी सांगत. ती उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. माझ्याशी ती नेहमी मराठीत बोलायची. त्या दिवशी आपल्या भाषेत बोलली.

"अब इसके अब्बा कू कौन बोलेगा, मास्तर?"